रुग्णांच्या भेटीला पारखलेले कुत्रे येऊ द्यावेत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातून भटकी कुत्री हटवण्याचा आणि ती पुन्हा त्याच जागी न सोडण्याचा आदेश दिला. तेव्हापासून आपल्या वाचकपत्रांच्या सदरात या विषयावर बरेच लिहिले गेले आहे. त्यांतील बहुतेक पत्रांचा रोख 'रुग्णालयात कुत्र्याचे काय काम?' या प्रश्नाकडे आहे. खान्देशातील शासकीय रुग्णालयांत परिचारिका म्हणून माझी सारी नोकरी झाली, त्यामुळे हा प्रश्न कोणत्या अनुभवातून येतो हे मी जाणते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिशव्या फाडणारी, प्रसूतिकक्षाबाहेर घुटमळणारी, नातेवाइकांच्या भाकरीच्या डब्यांवर डोळा ठेवून व्हरांड्यात पसरलेली कुत्री मी पाहिली आहेत. पिंडरीचा लचका गेलेले मूल कडेवर घेऊन, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवसाच्या लसीसाठी पाड्यावरून मिळेल त्या गाडीने येणारी आईही पाहिली आहे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर वैद्यकशास्त्राच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही. आवारातील भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे, याविषयी माझ्या मनात तीळमात्र शंका नाही.

तरीही हे पत्र मी एक वेगळी मागणी करण्यासाठी लिहीत आहे. लस घेतलेला, स्वभाव पारखलेला, मालकाच्या हाती साखळी असलेला आणि ज्याची कागदोपत्री नोंद आहे असा पाळीव कुत्रा दीर्घकाळ दाखल असलेल्या रुग्णांना भेटू शकेल, अशी व्यवस्था जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील रुग्णालयांनी सुरू करावी. न्यायालयाचा आदेश भटक्या कुत्र्यांविषयी आहे. त्याचा आधार घेऊन या उपक्रमाचे दार कायमचे बंद करू नये.

अशा कुत्र्याला सर्वत्र 'थेरपी डॉग' म्हणतात. पोलिसांच्या श्वानपथकातील कुत्रा वेगळा आणि अंध व्यक्तीला वाट दाखवणारा कुत्राही वेगळा. थेरपी डॉग एखाद्या सर्वसाधारण कुटुंबात वाढलेला, अनोळखी माणसांतही शांत राहणारा असतो. त्याचा मालक स्वयंसेवक म्हणून, कोणतेही मानधन न घेता, ठरलेल्या दिवशी त्याला रुग्णालयात आणतो आणि तासाभराने घरी नेतो. ही कल्पना नवी नाही. आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीच दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी लहान पाळीव प्राणी हा उत्तम सोबती ठरतो, असे लिहून ठेवले आहे. न्यूयॉर्कमधील बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांना आपला 'जिंगल्स' हा कुत्रा खोलीत असला की अबोल मुले बोलू लागतात असे आढळले आणि १९६२ साली त्यांनी त्यावर लेख प्रसिद्ध केला. १९७६ मध्ये एलेन स्मिथ या अमेरिकन परिचारिकेने स्वयंसेवक मालक आणि त्यांचे कुत्रे यांची पहिली मोठी संघटना उभी केली. आपल्याकडे मुंबईत 'अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन' ही संस्था हे काम करत आली आहे, आणि मुंबईच्या विमानतळावर २०२३ पासून प्रवाशांचा ताण हलका करण्यासाठी कुत्रे आणले जातात. विमानाची वाट पाहणाऱ्या प्रवाशाला जे मिळते, ते मांडीचे हाड मोडून आठवडेच्या आठवडे ट्रॅक्शनला, म्हणजे पाय ताणून धरणाऱ्या वजनाला, लटकलेल्या शेतमजुराला का मिळू नये?

उपयोग किती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कुत्रा आजार बरा करत नाही. या विषयावरील अनेक अभ्यास लहान आहेत आणि बहुतेकांत दिसलेला परिणाम अल्पकाळ टिकणारा आहे. तरी एका अभ्यासाचा उल्लेख येथे करते, कारण त्याची मांडणी विचारपूर्वक केलेली होती. हार्ट फेल्युअरमुळे दाखल असलेल्या ७६ प्रौढ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटातील रुग्णांना स्वयंसेवक आणि कुत्रा १२ मिनिटे भेटले, दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ केवळ स्वयंसेवक भेटला आणि तिसऱ्या गटाला नेहमीची शुश्रूषा मिळाली. कुत्रा भेटलेल्या गटातील रुग्णांची चिंता इतर दोन्ही गटांपेक्षा अधिक उतरली, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतील दाब कमी झाला आणि ताण वाढला की रक्तात वाढणाऱ्या एपिनेफ्रिनचे प्रमाणही घटले. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. नुसते माणूस भेटल्याने जे साधले नाही ते कुत्रा सोबत असल्याने साधले, ही त्यातील मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे.

माझ्या पाहण्यातील एक प्रसंग सांगते. यावलकडील एक वृद्ध केळी उत्पादक पक्षाघाताने दाखल झाले होते. उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचाही गेली होती. फिजिओथेरपिस्ट त्यांच्या उजव्या तळहातावर रबरी चेंडू ठेवून तो दाबायला सांगत, चेंडू घरंगळून खाटेखाली जाई आणि बाबा तोंड भिंतीकडे फिरवून घेत. चिडून नव्हे, लाजेने. एका दुपारी त्यांच्या नातवाने मोबाइलवर मळ्यातील कुत्र्याची चित्रफीत लावली. बाबांनी पडद्याकडे पाहिले आणि शेतात कुत्र्याला जवळ बोलावताना काढतात तसा जिभेने चक् चक् आवाज काढला, पुन्हा काढला, आणि उजव्या हाताची दोन बोटे चादरीवर किंचित हलली. त्यानंतर ते खडखडीत बरे झाले, असे मी म्हणत नाही. फिजिओथेरपिस्ट मात्र तेव्हा जे म्हणाले ते लक्षात राहण्याजोगे आहे. या माणसाला चेंडू दाबण्याचे कारण नाही, कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवण्याचे कारण आहे, असे त्यांचे म्हणणे होते. परदेशात नेमके हेच केले जाते. लुळ्या हातात ब्रश बांधून कुत्र्याचे केस विंचरायला लावतात, समांतर दांड्यांच्या मध्ये कुत्र्याची साखळी धरून चार पावले चालायला लावतात. व्यायाम तोच असतो, पण करावासा वाटतो.

आता मुख्य अडचणीकडे येते. परदेशातील छायाचित्रांत कुत्रा रुग्णाच्या स्वतंत्र खोलीत जाऊन पलंगावर डोके टेकवून बसलेला दिसतो. ती पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी आणली तर ती पहिल्याच आठवड्यात फसेल. आपला जनरल वॉर्ड म्हणजे ओळीने लावलेल्या खाटा, दोन खाटांच्या मधल्या जागेत चटई टाकून बसलेले नातेवाईक, खाटेखाली पिशव्या, कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचे डबे, पाण्याच्या बाटल्या, लघवीच्या पिशव्या आणि सलाइनच्या नळ्या. अशा ठिकाणी एका रुग्णाने होकार दिला तरी शेजारच्या दोघांचा नकार असू शकतो, आणि शेजारच्याला दमा असेल, उघडी जखम असेल किंवा कुत्र्याच्या दर्शनानेच धडकी भरत असेल, तर त्याने उठून जायचे कुठे? म्हणून माझी सूचना अशी आहे की कुत्र्याने वॉर्डात पाऊलच टाकू नये. ज्या रुग्णाला डॉक्टरांनी परवानगी दिली आहे आणि ज्याची स्वतःची इच्छा आहे, त्याला व्हीलचेअरवर किंवा वॉकरने फिजिओथेरपी विभागात अथवा आवारातील एखाद्या मोकळ्या, कुंपण घातलेल्या ओट्यावर आणावे आणि भेट तेथे व्हावी. यात आणखी एक लाभ आहे. आठवडेच्या आठवडे वॉर्डाचे छत पाहणाऱ्या माणसाला बाहेर जाण्यासाठी निमित्त मिळते, आणि अशा निमित्ताचे मोल अस्थिरोग विभागात काम केलेल्या कोणत्याही सिस्टरला विचारावे.

होकार विचारण्याचीही एक रीत असावी. कुत्रा समोर उभा करून 'घाबरता का?' असे विचारले, तर आपला ग्रामीण माणूस भिडेखातर 'नाही' म्हणतो. विचारणे आदल्या दिवशी, एकांतात आणि शक्य तर रुग्णाच्या बोलीत व्हावे. अनेक मुस्लिम कुटुंबांत कुत्र्याची लाळ लागली की नमाजापूर्वी ती जागा धुऊन शुद्ध करावी लागते, आणि अनेक हिंदू घरांतही सोवळ्याचे नियम पाळले जातात. त्यांच्या नकाराला कारण विचारू नये. दुसरीकडे, आपल्याकडील बहुसंख्य रुग्णांना कुत्रा परका नाही. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळाचा कुत्रा त्याच्या मेंढ्यांच्या वाड्याची राखण करतो, सातपुड्यातील पावरा कुटुंबाच्या डोंगरउतारावरच्या एकाकी घराला कुत्र्याशिवाय रात्र काढणे अवघड जाते, आणि खंडेरायाच्या टाकावर देवाच्या घोड्यापाशी कुत्राही कोरलेला असतो. मात्र ही मैत्री अंगणातली आहे. मांडीवर घेण्याची, तोंडाला तोंड लावण्याची नाही. त्यामुळे येथील भेटही तशीच असावी. कुत्रा शेजारी बसेल, रुग्ण त्याच्या पाठीवर हात ठेवील, किंवा नुसता पाहत बसेल. पहिला प्रश्न बहुधा 'यानं नाव काय शे?' हाच असेल. मालकाला अहिराणी किंवा पावरी येत असेल तर तेथून घरची, शेताची, पोराबाळांची गोष्ट निघते. डॉक्टरांच्या राउंडमध्ये एक शब्द न बोलणारा माणूस अशा वेळी बोलतो.

कोणता कुत्रा चालेल, याविषयी मात्र कोणतीही सवलत असू नये. घरचा कुत्रा गुणी आहे, असे प्रत्येक मालकाला वाटते आणि ते त्याच्या घरापुरते खरेही असते. रुग्णालयाची पारख निराळी असते. कुत्र्याच्या पाठीमागे स्टीलचा ट्रे अचानक फरशीवर टाकून पाहावा. कुत्रा दचकला तरी चालेल, पण क्षणात सावरला पाहिजे, गुरगुरता किंवा पळता कामा नये. काठी टेकत, पाय ओढत माणूस त्याच्या अंगावर चालून आला तर तो काय करतो, थरथरत्या हाताने केस उलट्या दिशेने ओढले गेले तर काय करतो, दोन अनोळखी माणसे एकदम त्याच्यावर वाकली तर काय करतो, हे पाहावे. फरशीवर पडलेली गोळी किंवा बिस्किट दिसल्यावर मालकाच्या एका शब्दावर त्याने तोंड फिरवले पाहिजे, कारण रुग्णालयातील फरशीवर काय पडलेले असेल याचा नेम नसतो. कुत्रा पूर्ण वाढलेला आणि किमान सहा महिने त्याच घरात राहिलेला असावा. लॅब्रॅडॉरच हवा असेही नाही. चांगल्या घरात वाढलेला आपला गावठी कुत्राही या परीक्षेत उतरू शकतो आणि उन्हाळ्याच्या दृष्टीने तो अधिक सोयीचा आहे.

रुग्णालयीन संसर्गावर काम करणाऱ्या अमेरिकेतील तज्ज्ञांच्या 'शिया' या संस्थेने २०१५ मध्ये रुग्णालयातील प्राण्यांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांतील बहुतेक सूचनांना पैसा लागत नाही, शिस्त लागते. भेट एका तासापेक्षा जास्त नसावी. कुत्र्याला हात लावण्यापूर्वी आणि नंतर प्रत्येकाने हात स्वच्छ करावेत. साखळी आखूड असावी आणि एका व्यक्तीने एकच कुत्रा आणावा. कुत्र्याने चाटू नये. आणि कच्चे मांस खाणारा कुत्रा आणू नये, शेवटचे कच्चे मांस खाऊन ९० दिवस उलटलेले असावेत. ही शेवटची अट आपल्याकडे विशेष काळजीने पाळावी लागेल, कारण खाटकाकडची कच्ची आतडी-फुप्फुसे आणि कोंबडीचे पाय घालणे ही येथील घरोघरची पद्धत आहे. त्यातून साल्मोनेलासारखे जंतू विष्ठेवाटे पसरतात, आणि मेंढ्या-बकऱ्यांच्या कच्च्या अवयवांतून कुत्र्याला होणाऱ्या पट्टकृमीमुळे माणसाच्या यकृतात हायडॅटिडच्या, म्हणजे पाण्याने भरलेल्या, गाठी होतात. रेबीजची वार्षिक लस, नियमित जंतनाशक, गोचीड-पिसवांचा बंदोबस्त आणि त्वचेची तपासणी यांची नोंद पशुवैद्यकांच्या सहीने असलीच पाहिजे. एवढे करूनही ओरखडा किंवा चावा झालाच, तर कुत्र्याला लस दिली आहे या भरवशावर न थांबता जखम लगेच साबणाने धुऊन रुग्णाला नेहमीच्या पद्धतीने उपचारासाठी पाठवावे आणि त्या कुत्र्याच्या भेटी थांबवाव्यात.

काही रुग्णांना ही भेट देऊच नये. क्षयाचे व विलगीकरणातील रुग्ण, भाजलेले, अतिदक्षता विभागातील आणि केमोथेरपीने प्रतिकारशक्ती उतरलेले रुग्ण यांची नावे कोणालाही सुचतील. आपल्या भागासाठी दोन नावे मी मुद्दाम जोडते. पोषण पुनर्वसन केंद्रातील कुपोषित बालकांना, ती कितीही गोंडसपणे कुत्र्याकडे झेपावली तरी, या भेटीपासून दूर ठेवावे. त्यांचे शरीर साध्या जुलाबालाही तोंड देऊ शकत नाही. दुसरे नाव सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांचे. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात या आजाराची मुले वेदनांच्या झटक्यांमुळे पुन्हा पुन्हा दाखल होतात, आणि भेटीची खरी गरज त्यांनाच आहे असे कोणालाही वाटेल, मलाही वाटते. परंतु सिकलसेलमध्ये जंतूंशी लढण्यास मदत करणारी प्लीहा हळूहळू निकामी होते, आणि ज्यांची प्लीहा काम करत नाही त्यांच्यात कुत्र्याच्या लाळेतील कॅप्नोसायटोफॅगा या जिवाणूचा संसर्ग अत्यंत वेगाने पसरून जिवावर बेतू शकतो. म्हणून त्यांच्याबाबतीत निर्णय बालरोगतज्ज्ञांनी एकेका मुलाची स्थिती पाहून घ्यावा आणि परवानगी दिलीच तर पाहणे, बोलणे, लांबून चेंडू टाकणे एवढ्यावर भागवावे. दुरून चेंडू टाकण्यातही मुलाला आनंद असतो.

कुत्र्याची बाजूही मांडली पाहिजे, कारण त्याचा होकार कोणी विचारत नाही. वारंवार जांभया, ओठ चाटणे, मान फिरवणे, शेपूट पोटाखाली घेणे, कारण नसताना धाप लागणे ही त्याची नकाराची चिन्हे आहेत. ती दिसताच भेट संपवण्याचा अधिकार मालकाचा असावा आणि तेथे साहेबांचा आग्रह चालू नये. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि आवारातील काँक्रीटवर अनवाणी पाय ठेववत नाही. कुत्रा तर अनवाणीच असतो. त्यामुळे होळीनंतर पाऊस पडेपर्यंत हा उपक्रम बंदच ठेवावा. कार्तिकापासून माघापर्यंतच्या सकाळी यासाठी उत्तम आहेत.

जेथे औषधे बाहेरून आणावी लागतात, सोनोग्राफीसाठी तारीख मिळते आणि एका सिस्टरकडे वॉर्डभर रुग्ण असतात, तेथे हे लाड कशाला, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. म्हणूनच या उपक्रमाचा एकही तास परिचारिकांच्या माथी मारू नये, ही माझी अट आहे. रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकाचे पद असते. रुग्णांची यादी, संमती आणि भेटीची नोंद त्यांनी ठेवावी. नियम संसर्ग नियंत्रण समितीने ठरवावेत, आणि जागेचा व सॅनिटायझरचा किरकोळ खर्च रुग्ण कल्याण समितीने पाहावा. औषधांचा तुटवडा कुत्र्यांमुळे वाढणार नाही आणि कुत्रे न आणल्याने भरूनही निघणार नाही. दोन्ही मागण्या एकाच वेळी करता येतात, आणि औषधांची मागणी मी निवृत्तीनंतरही सोडलेली नाही.

आता तिन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या अधिष्ठात्यांना माझी विनंती आहे की पावसाळा संपण्यापूर्वी संसर्ग नियंत्रण समिती, फिजिओथेरपी विभाग, समाजसेवा अधीक्षक आणि पशुसंवर्धन विभागाचे अधिकारी यांची एकत्र बैठक घ्यावी आणि प्रथम केवळ फिजिओथेरपी विभागात, आठवड्यातून एक सकाळ, दोन किंवा तीन कुत्र्यांसह सुरुवात करावी. तत्पूर्वी आवाराची भिंत आणि फाटक दुरुस्त होऊन भटकी कुत्री बाहेर गेलेली असली पाहिजेत, अन्यथा साखळीतल्या कुत्र्यावर बाहेरची कुत्री तुटून पडतील. एक हिवाळा संपल्यावर किती रुग्ण आले, किती जणांनी नकार दिला, कोणाला काही अपाय झाला का, आणि फिजिओथेरपीला येण्याचे प्रमाण बदलले का, हे प्रसिद्ध करावे. निष्कर्ष प्रतिकूल निघाला तर उपक्रम बंद करावा.

शहरातील श्वानपालकांनाही या पत्रातून आवाहन करते. आपला कुत्रा शांत असेल, तर त्याच्या लसीकरणाचे कार्ड अद्ययावत करून जवळच्या पशुवैद्यकांशी बोलावे आणि त्याला गर्दीची, काठी-वॉकरची सवय लावण्यास आतापासून आरंभ करावा. स्वयंसेवक मालकांना वॉर्डातील शिस्त, हात धुण्याची पद्धत आणि रुग्णाशी कसे बोलावे, हे शिकवण्याची जबाबदारी मी आणि माझ्या काही निवृत्त सहकारी आनंदाने घेऊ. कोणत्याही रुग्णालयाने आपल्या दैनिकामार्फत कळवल्यास आम्ही स्वखर्चाने येऊ.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त अधिपरिचारिका, धुळे